घरी अल्टरनेटर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्टरनेटर इंजिनच्या पुढच्या बाजूला, पट्ट्यावर फिरणारा आणि हाताला लागेल असा बसवलेली साधी पेट्रोल हॅचबॅक किंवा सेडान डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं दिली आहेत. डिझेल आणि हायब्रिड गाड्यांचं वेगळेपण त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे. जुने मेकॅनिक ज्याला अजूनही डायनॅमो म्हणतात, तो हाच, चालत्या इंजिनावर वीज तयार करून बॅटरी भरणारा भाग. काढण्या-बसवण्याचं काम म्हणजे दोन-तीन बोल्ट, एक पट्टा आणि दोन जोडण्या. घोळ होतो तो त्याच्या आधी किंवा नंतर. आधी, कारण काही न मोजताच अल्टरनेटरला दोषी धरलं जातं. नंतर, कारण जुना का गेला हे न शोधताच नवा जोडला जातो. म्हणून मोजमापाला इथे पान्यापेक्षा जास्त जागा दिली आहे.

बॅटरी सारखी उतरते. अल्टरनेटरच गेलाय हे कसं ओळखायचं?

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

आता गाडी सुरू करा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला हवा. तो १२ च्या घरातच राहून हळूहळू खाली येत असेल, तर बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचत नाही. आकडा चांगला आला तरी तिथेच थांबू नका. हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही चालू करा आणि इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर धरा. एवढ्या भारात १३.२ च्या वर टिकला तर अल्टरनेटरला दोष देऊ नका. बॅटरीचं वय आणि गाडी बंद असताना होणारी गळती तपासा.

चार्जिंग कमी दिसलं तरी अजून निकाल लागलेला नाही. अल्टरनेटरच्या मागे जाड तार जिथे नटाने जोडलेली असते, तो ‘बी’ स्टड. भार चालू ठेवून मीटरची लाल पिन त्या स्टडवर आणि काळी पिन बॅटरीच्या प्लसवर लावा. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर वीज तयार होतेय पण वाटेत अडतेय: थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) सैल आहे, तार आतून हिरवी पडली आहे किंवा मुख्य फ्यूजची जोडणी जळकी आहे. मग एक पिन अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर लावा. इथला फरक ०.२ च्या आत हवा. जास्त असेल तर अर्थची पट्टी खराब आहे. ही दोन मोजमापं पाच मिनिटांची आहेत. ती न केल्याने कितीतरी चांगले अल्टरनेटर बदलले जातात.

हे सगळं चालू इंजिनाजवळ होतं. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा मध्येच आपोआप सुरू होतो, हेही विसरू नका.

माझ्या नव्या गाडीत चालताना कधीकधी १२.८ च दिसतात. बिघाड आहे का?

असेलच असं नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत किती व्होल्टवर चार्ज करायचं हे ईसीयू (गाडीतला इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवण्यासाठी तो चार्जिंग कमी करतो, आणि ॲक्सिलरेटर सोडला की वाढवतो. अशा गाडीत हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून मोजा. भार पडूनही आकडा चढला नाही तरच पुढे जा.

चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतच नाही. मग सगळं ठीक ना?

उलट, हीच खूण महत्त्वाची आहे. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना तो दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या कॉइलला पहिला करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला किंवा दिव्याकडे जाणारी ‘एल’ तार तुटली, तर धडधाकट अल्टरनेटरसुद्धा जागा होत नाही. त्यामुळे पान्याला हात लावण्याआधी तो बल्ब, त्याचा फ्यूज आणि अल्टरनेटरमागचा कपलर (तारांचा प्लॅस्टिकचा प्लग) बघा.

इंजिन चालू असताना दिवा मंद तेवत राहत असेल तर डायोड प्लेटमध्ये (एसी करंटचा डीसी करणाऱ्या भागात) किंवा वायरिंगच्या जोडणीत दोष असतो. आणि दिवा विझलेला आहे म्हणजे चार्जिंग पुरेसं आहे, असंही नाही. खात्री मीटरच देतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघायची, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब. ही चाचणी बरोबर आहे का?

नाही. कृपया करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. बॅटरी हा चार्जिंगच्या वायरिंगमधला उशीसारखा आधार आहे. चालू इंजिनात तो काढला की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळू शकतं. त्यात रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग), डायोड आणि सगळ्यात वाईट म्हणजे ईसीयू जळू शकतो. कार्ब्युरेटरच्या काळात ही सवय चालून गेली, कारण गाडीत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स फारसं नव्हतंच.

व्होल्टेज १५ च्या वर जातंय. चालवू का?

नको. रेग्युलेटर हाताबाहेर गेला आहे. बॅटरीचं पाणी उकळतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब पटापट उडतात. ज्या अल्टरनेटरला व्होल्टेज जाणणारी वेगळी ‘एस’ तार असते, तिथे आधी ती तार आणि तिचा फ्यूज तपासा. ती तुटली की रेग्युलेटरला खरा आकडाच कळत नाही.

चार्जिंग चांगलं येतं, पण दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी मरते. याचा अल्टरनेटरशी संबंध असू शकतो?

असू शकतो. डायोड बॅटरीतली वीज उलटी अल्टरनेटरमध्ये जाऊ देत नाहीत. एखादा डायोड गळका झाला की रात्रभर बॅटरी तिथून झिरपत राहते. गाडी तीन-चार तास उभी राहूनही अल्टरनेटर कोमट लागत असेल तर हीच शंका घ्या. मल्टिमीटर एसी रेंजवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड गेला आहे असं समजा. मात्र काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही आकडा दाखवतात. म्हणून इंजिन बंद असताना आधी तोच आकडा बघून घ्या.

गळती मोजायची तर मायनस तार काढून, ती तार आणि मायनस टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा. दारं बंद करून वीस-तीस मिनिटं थांबा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा ठीक. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

वाटेत लाल दिवा लागला. किती लांब जाता येईल?

हिशेब असा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. इंधन पंप, इंजेक्टर, इग्निशन मिळून १० अँपिअरच्या आसपास खातात. ५५ वॉटचे दोन हेडलाइट आणखी ९. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की अजून दहा-पंधरा. शिवाय बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या खूप आधी व्होल्टेज इतकं पडतं की इंजिन अडखळायला लागतं. दिवसा, एसी-ब्लोअर-म्युझिक बंद ठेवून, चांगल्या बॅटरीवर पाऊण तास धरून चाला. रात्री पावसात, वायपर आणि दिवे लावून त्याच्या निम्मासुद्धा धरू नका. इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा स्टार्ट होणार नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर व्होल्टेज पडल्यावर ते अचानक जड होतं. घाटात हे जिवावर बेतू शकतं, त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी असाल तर तिथेच थांबा.

मात्र दिवा लागण्यासोबत पट्ट्यावर चालणारं (हायड्रॉलिक) स्टिअरिंगही जड झालं किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर पट्टाच तुटला आहे. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असेल तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नका.

पूर्ण बदलायचा की दुरुस्त करायचा?

काय गेलंय त्यावर ठरतं. चार्जिंग येतं-जातं, खड्ड्यात दिवा लुकलुकतो, अशी लक्षणं बहुधा झिजलेल्या कार्बनची (फिरत्या कॉइलला करंट पोचवणाऱ्या ब्रशची) असतात. कार्बन पाच मिलिमीटरपेक्षा आखूड उरले की बदलायचे. भाग स्वस्त आहे आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तासा-दोन तासांत ते काम करतो. घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज बेअरिंगचा. रेग्युलेटर आणि डायोड प्लेटही सुट्या मिळतात. पण आतून जळक्या व्हार्निशचा वास येत असेल, वाइंडिंग काळं पडलं असेल किंवा स्लिप रिंगला (कार्बन घासतात त्या कड्यांना) खोल चर पडले असतील, तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

आमचं मत विचाराल तर, अल्टरनेटर लाखभर किलोमीटर चाललेला असेल आणि कार्बन गेले असतील, तर उघडला आहे तेव्हा दोन्ही बेअरिंगही बदलून घ्या. ६२०३ आणि ६३०३ ही नेहमी लागणारी मापं. पण जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर बघूनच घ्या, आणि दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या.

नवा घेताना काय जुळवायचं?

जुन्यावरच्या लेबलचा फोटो काढा आणि शक्य असेल तर जुना हातात घेऊनच दुकानात जा. पार्ट नंबर, अँपिअर, पुलीच्या खाचा, मागच्या कपलरच्या पिना, बोल्ट जातात त्या भोकाच्या कानांमधलं अंतर, हे सगळं जुळलं पाहिजे. एकाच मॉडेलच्या दोन सालांच्या गाड्यांत कपलर वेगळा असू शकतो. अँपिअर मूळ आकड्यापेक्षा कमी चालणार नाहीत. थोडे जास्त चालतात, पण मग मुख्य तार आणि फ्यूज तेवढ्या करंटला पुरतात का ते बघावं लागतं.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे नवा, रिकंडिशन केलेला आणि मोडीतल्या गाडीचा, असे सगळे प्रकार मिळतात. जुना घेणार असाल तर पुली हाताने फिरवून बघा. खरखर नको, शाफ्टला वर-खाली खेळ नको. नाकाजवळ नेऊन जळका वास येतो का तेही बघा, आणि टेस्ट बेंचवर लावून दाखवायला सांगा. पुलीवर काळी टोपी असेल तर ती एका दिशेला मोकळी फिरणाऱ्या प्रकारची असू शकते. तिच्या जागी साधी पुली लावू नका. पट्टा आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही झटके खातात.

कोणत्या गाडीचं हे काम घरी करू नये?

सौम्य हायब्रिड गाड्यांचं. उदाहरणार्थ, मारुतीच्या २०१५ पासून आलेल्या एसएचव्हीएस किंवा स्मार्ट हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी स्टार्टरचंही काम करणारा जनरेटर असतो. त्याचा पट्टा आणि टेन्शनर वेगळ्या जातीचे आहेत. तसंच जिथे ड्राइव्ह शाफ्ट किंवा बंपर काढल्याशिवाय अल्टरनेटर बाहेर येत नाही, तिथेही पहिल्यांदाच करणाऱ्याने हात घालू नये.

काय अवजारं लागतील?

१०, १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने, तेवढ्याच मापांचे सॉकेट, रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन, एक टॉमी (रेटा द्यायचा लोखंडी दांडा), पक्कड, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मल्टिमीटर, टॉर्च. टॉर्क पाना असेल तर उत्तम. खालून काम असेल तर जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही. घोडी (जॅक स्टँड) लावा आणि मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. पहिल्या वेळी तीन तास हाताशी ठेवा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच सुरुवात करा.

काढायचा कसा?

बॅटरीची मायनस तार सगळ्यात आधी. हा नियम वगळण्यासारखा नाही, कारण ‘बी’ स्टडवरची तार थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते. चावी बंद असली तरी ती जिवंतच असते. तिथला पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा फवारा उडतो, पाना वितळतो आणि हात भाजतो. हातात अंगठी असेल तर बोटही. मायनस काढून, टर्मिनलला परत चिकटणार नाही अशी कापड गुंडाळून बाजूला ठेवा. यामुळे घड्याळातली वेळ आणि खिडक्यांची ऑटो सेटिंग पुसली जातात. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचा फोटो काढा. हाताने ताण द्यायची व्यवस्था असेल तर खालचा बिजागरीचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा, मग वरच्या पट्टीवरचा लॉक बोल्ट, मग ताणाचा लांब स्क्रू. या क्रमात चूक झाली, बिजागरी घट्ट असतानाच स्क्रू फिरवला, तर स्क्रूचे आटे जातात. अल्टरनेटर इंजिनकडे ढकला, पट्टा सैल होईल. आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर लांब पान्याने तो फिरवून धरायचा आणि पट्टा उतरवायचा.

मागचा कपलर काढताना त्याची कळ दाबूनच ओढा. उन्हा-उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की कळ तुटते, आणि तुटक्या कळीचा कपलर नंतर खड्ड्यात सैल होतो. रबरी टोपी सरकवून ‘बी’ नट काढा. शेवटी एका हाताने आधार देत बोल्ट काढा, कारण अल्टरनेटर चार ते सहा किलोचा असतो. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. कुठला कुठे हे लिहून ठेवा.

बिजागरीचा बोल्ट हलतच नाही.

कोकणात आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे नेहमीचं. ॲल्युमिनिअमच्या कानात लोखंडी बोल्ट गंजून बसतो. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. सकाळी आधी किंचित घट्ट दिशेला, मग सैल दिशेला, असं आळीपाळीने हलवा. नट पूर्ण काढून बोल्टच्या टोकाला हातोडा मारायची वेळ आली, तर नट दोन आटे परत लावा आणि नटावर मारा, म्हणजे आटे शाबूत राहतात. सहा बाजूंचाच सॉकेट वापरा. बारा बाजूंचा गंजक्या बोल्टचं डोकं गोल करतो.

नवा अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये शिरतच नाही. चुकीचा आला का?

बहुधा नाही. मागच्या कानात एक लोखंडी बुश असतो, जो बोल्ट आवळल्यावर सरकून ब्रॅकेटला घट्ट धरतो. नव्यात तो पुढे आलेला असतो. शिकंजात धरून किंवा मोठ्या क्लॅम्पने दोन-तीन मिलिमीटर मागे दाबा, अल्टरनेटर सहज बसेल. हातोड्याने ठोकून बसवू नका, कान तडकतो.

बसवताना काय सांभाळायचं?

ब्रॅकेटचे बसणारे पृष्ठभाग वायर ब्रशने चकचकीत करा, कारण अल्टरनेटरची अर्थ तिथूनच जाते. रंग किंवा ग्रीसचा थर तिथे नको. सगळे बोल्ट आधी हाताने लावा. ‘बी’ स्टडवरची थिंबल स्वच्छ करून सपाट बसवा आणि ती मागच्या कव्हरला टेकत नाही ना ते बघा. हा नट फार आवळायचा नाही: एम ६ आट्यांच्या स्टडला सुमारे ८ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त आवळला की स्टड आतून फिरतो किंवा डायोड प्लेट तडकते. सैल राहिला तर तिथे उष्णता होऊन थिंबल जळते. एम ८ च्या बोल्टला २० ते २५ आणि एम १० ला ४० ते ५० न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण अंदाज. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळा.

पट्टा किती ताणायचा?

दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने जोरात, सुमारे दहा किलोच्या दाबाने दाबा. व्ही पट्टा (एकच जाड, पाचरीच्या आकाराचा) साधारण १० मिलिमीटर दबायला हवा. बारीक खाचांचा पट्टा त्याहून कमी दबतो. त्याला त्याच जागी हाताने पीळ देऊन बघा, जेमतेम काटकोनापर्यंत वळला पाहिजे. ‘ओरडू नये म्हणून’ तारेसारखा ताणलेला पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप, दोघांचीही बेअरिंगं खातो. ताण देताना टॉमी अल्टरनेटरच्या मागच्या भागावर टेकवू नका. पुलीजवळच्या भरीव भागाला हातोड्याच्या लाकडी दांड्याने रेटा.

खाचांच्या पट्ट्यावर ६पीके११२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे सहा खाचा आणि ११२० मिलिमीटर लांबी. सगळ्या खाचा पुलीत बरोबर बसल्या आहेत हे बोट फिरवून बघा. एक खाच बाजूला राहिली की पट्टा काही किलोमीटरांत चिरतो. पट्ट्याला भेगा असतील, तेल लागलेलं असेल तर आत्ताच बदला. टेन्शनर नसलेल्या काही गाड्यांत रबराच्या ताणावरच चालणारा पट्टा असतो. तो एकदा काढला की परत वापरायचा नाही.

जोडून झालं. पुढे?

उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरून घ्या. मेलेली बॅटरी भरायचं काम नव्या अल्टरनेटरवर टाकलं तर तो तासन्‌तास पूर्ण भाराने तापतो, आणि नवा असतानाच जळण्याचं हे एक खरं कारण आहे. मग मायनस तार सर्वात शेवटी जोडा. बॅटरी उलटी जोडली गेली तर डायोड आणि मुख्य फ्यूज क्षणात जातात.

चावी ऑन करा, लाल दिवा दिसला पाहिजे. स्टार्ट करा, तो विझला पाहिजे. मग पहिल्या उत्तरातली सगळी मोजमापं पुन्हा करा आणि आकडे लिहून ठेवा. नवा व्ही पट्टा असेल तर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा. नवा पट्टा थोडा सैलावतोच.

नवा बसवूनही चार्जिंग नाही.

आधी मुख्य फ्यूज बघा. ८० किंवा १०० अँपिअरचा हा फ्यूज बॅटरीजवळच्या डब्यात असतो आणि काढताना-घालताना ठिणगी उडाली असेल तर तोच गेलेला असतो. इंजिन बंद असताना ‘बी’ स्टडवर बॅटरीइतकंच व्होल्टेज आलं पाहिजे. नाही आलं तर फ्यूज किंवा तार. आलं, तर कपलर पूर्ण बसला का, चावी ऑन केल्यावर कपलरच्या ‘आयजी’ (इग्निशन) पिनेवर १२ व्होल्ट येतात का, दिव्याची तार शाबूत आहे का, हे बघा. हे सगळं ठीक असूनही काही नाही, तर नवा भागच सदोष आहे. वॉरंटीत परत करा.

डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या मागे रबरी नळ्या आहेत. त्या कशाच्या?

बोलेरो, सुमो, इंडिका अशा अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या शाफ्टवरच व्हॅक्यूम पंप असतो, आणि ब्रेकच्या बूस्टरला (पेडलला जोर देणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम तोच पंप तयार करतो. म्हणजे इथे तुम्ही ब्रेकच्या व्यवस्थेला हात लावताय. इंजिन ऑइल येणारी नळी, ऑइल परत जाणारी नळी आणि व्हॅक्यूमची नळी, तिन्हींवर खुणा करा. तांब्याचे वॉशर नवेच वापरा. बसवण्याआधी पंपात चमचाभर इंजिन ऑइल घाला, म्हणजे पहिले काही फेरे कोरडे फिरणार नाहीत. स्टार्ट केल्यावर गळती बघा. मग इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, ते दाबून ठेवूनच परत स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

पावसाळ्यात अल्टरनेटर जास्त का जातात?

खाली, चाकाच्या बाजूला बसवलेल्या अल्टरनेटरवर चिखलाचं पाणी सतत उडतं. बारीक रेती कार्बन आणि स्लिप रिंग घासते, बेअरिंगचं ग्रीस धुतलं जातं. चाकामागचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलेलं असेल तर नवा अल्टरनेटर बसवण्याआधी ते लावा. तसंच वरून पॉवर स्टिअरिंगचं किंवा टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) ऑइल ठिबकत असेल तर तेही थांबवा, कारण तेलाने कार्बन चिकटतात. तुंबलेल्या पाण्यात बुडालेला अल्टरनेटर उन्हात वाळवून चालू लागला तरी भरवशाचा नसतो. मुंबईत भरतीच्या वेळी शिरलेलं पाणी खारट असेल, तर उघडून, साफ करून, बेअरिंग बदलूनच वापरा.

काढलेला जुना अल्टरनेटर कधी टाकू?

नव्यावर आठवडाभर गाडी चालून, रात्रीच्या भारासकट व्होल्टेज टिकतंय हे दिसेपर्यंत टाकू नका. सदोष भाग परत करायची वेळ आली तर पुली, कपलर आणि बुश जुळवायला तोच हाताशी लागतो. त्यानंतर बरेच दुकानदार रिकंडिशन करण्यासाठी तो बदल्यात घेऊन किमतीत सूट देतात. भंगारात द्यायचाच असेल तर आत तांब्याचं वाइंडिंग आहे हे लक्षात ठेवून भाव करा, नुसत्या लोखंडाच्या दराने देऊ नका.